गॅरेजवरची नातेवाईक

आमच्या विल्मार्थ गावात गॅरेजवर दोन खोल्या चढवता येतात, त्यांत स्वयंपाकघर करता येतं, न्हाणीघर काढता येतं. फक्त परक्या माणसाला ठेवता येत नाही. तिथे राहणारं माणूस घरमालकाच्या रक्ताच्या, लग्नाच्या किंवा दत्तकाच्या नात्यातलं असावं, असा १९७४ सालचा ठराव आहे. ठराव करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तेव्हा सासवा होत्या. पुढे सासवा फ्लोरिडाला जाऊन राहू लागल्या आणि खोल्या ओस पडल्या. ठराव गावातच राहिला.

चौदा, ऑर्चर्ड रस्ता इथल्या गॅरेजवर मिस हॅरिएट लोरिंग यांची धाकटी बहीण ईडिथ राहत असे. ती वारल्यावर चार महिन्यांनी मिस लोरिंग यांनी ग्रंथालयाच्या फळ्यावर एक कार्ड टाचलं : दोन खोल्या, शांत माणसासाठी, पियानो वाजवणाऱ्याने येऊ नये. मिस लोरिंग यांनी छत्तीस वर्षं शाळेत लॅटिन शिकवलं होतं. लग्न केलं नव्हतं, आणि आयुष्यात खोटं बोलल्या नव्हत्या. या दोन्ही गोष्टी गावात एकाच दमात सांगितल्या जात.

कार्ड वाचून आली ती लुर्देस फुर्तादो. वय तेव्हा त्रेचाळीस. फॉल रिव्हर या गिरण्यांच्या शहरात, तिथल्या पोर्तुगीज वस्तीत वाढलेली, दोन वर्षांचं कॉलेज केलेली. आमच्याच राज्यातल्या केंब्रिजच्या केंडल चौकातल्या एका औषध कंपनीत काचेची भांडी धुण्यापासून तिने सुरुवात केली होती आणि सोळा वर्षांत फ्रीझरांपर्यंत पोचली होती. फ्रीझर सदतीस. उणे ऐंशी अंशांवर त्यांत चार हजार रुग्णांच्या पेशी ठेवलेल्या. त्यांतले काही रुग्ण अजून जिवंत, बरेचसे नाहीत. जे गेले त्यांचा नमुना दुसऱ्यांदा मागता येत नाही, आणि कंपनीची सारी भिस्त त्याच नमुन्यांवर. त्यामुळे फ्रीझरांची प्रमुख व्हायचं तर एक लेखी अट होती : धोक्याची सूचना फोनवर आल्यापासून पंचेचाळीस मिनिटांच्या आत फ्रीझरच्या दाराला हात लागला पाहिजे.

फॉल रिव्हरहून केंडल चौक पन्नास मैल. पहाटे साडेचारला निघालं तर सव्वा तास, सहाला निघालं तर दोन तास, आणि साडेसहाला निघणाऱ्याने निघूच नये. विल्मार्थहून मात्र चाळीस मिनिटं. लुर्देसने खोल्या पाहण्याआधी तीन वेगवेगळ्या वारी घड्याळ लावून गाडी चालवून पाहिली होती. मिस लोरिंगना तिने हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "खोल्या पाहण्याआधीच रस्ता पाहिलात. बरं केलंत. खोल्या फारशा बघण्यासारख्या नाहीत."

तीन वर्षं सुखात गेली. सुखात म्हणजे लुर्देसच्या मानाने. एका आठवड्याआड फोनची जबाबदारी तिच्याकडे असे, आणि त्या आठवड्यात ती पंचेचाळीस मिनिटांच्या बाहेर पाऊल टाकत नसे. आईकडे जाणंही एका रविवाराआड. आई, नातालिया, तिथे एकटी. तिचा हिशेब साधा होता : मुलीला सदतीस पोरं झाली आहेत, आणि एकाचंही नाव धड नाही.

मिस लोरिंगना ठराव माहीत नव्हता असं नाही. नात्याचं शपथपत्र दर जानेवारीला गावच्या कारकुनाकडे द्यावं लागतं. ईडिथ गेल्यापासून त्यांनी ते दिलंच नव्हतं. न देणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असा त्यांचा निर्वाळा. पण त्याच जानेवारीत दुसराही एक कागद येतो, रहिवाशांच्या गणतीचा. घरात कोण राहतं, वय काय, धंदा काय. आणि खाली, खोटी माहिती दिल्यास शिक्षा. हा कागद आमच्याकडे निम्मे लोक हरवतात आणि उरलेले त्यात कुत्र्याचं नाव घालून परत करतात. मिस लोरिंग तो शाईने भरत. पहिली दोन वर्षं लुर्देसने आपला पत्ता आईकडचाच ठेवला होता. तिसऱ्या वर्षी तिने इथे मतदार म्हणून नाव नोंदवलं, आणि मिस लोरिंगनी सुवाच्य अक्षरात लिहिलं : फुर्तादो, लुर्देस, ४६, फ्रीझर-प्रमुख, गॅरेजवर.

ऑगस्टात या कागदांची छापील यादी ग्रंथालयात येते. ती वाचणारा गावात एकच माणूस : एलियट टटल, मिस लोरिंग यांचे शेजारी, निवृत्त रसायनशास्त्रज्ञ, नावावर तीन पेटंटं. लोक उन्हाळ्यात समुद्रावर रहस्यकथा नेतात, टटल ही यादी नेतात. त्यांच्या अंगणात एक पाटी आहे : 'या घरात विज्ञानावर विश्वास आहे.' सेप्टिक टँकच्या झाकणाला लागून ती रोवलेली आहे. टटल दुष्ट नव्हते. लुर्देसला ते दर उन्हाळ्यात टोमॅटो देत. कुंपणावरून त्यांनी आधी मिस लोरिंगनाच विचारलं, की ही आपली भाची वगैरे आहे का.

"नाही," मिस लोरिंग म्हणाल्या.

दुसरं काहीही म्हणता आलं असतं. टटल यांनाही तसंच वाटलं. आपण विचारायला नको होतं, असं ते नंतर बऱ्याच जणांना सांगत होते. पण आता माहिती झाली होती, आणि माहिती होऊन गप्प बसणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात इमारत निरीक्षकाचं पत्र आलं. तीस दिवसांत खोल्या रिकाम्या कराव्यात.

लुर्देसने नकाशा काढला, केंडल चौकावर कंपास ठेवला आणि वर्तुळ आखलं. पुढचे सगळे शनिवार-रविवार ती त्या वर्तुळात फिरत होती. वर्तुळाच्या पूर्वेला समुद्र होता. त्याच्यावर झोनिंगचे, म्हणजे कुठे काय बांधावं याचे, नियम नव्हते, एवढीच जमेची बाजू. पश्चिमेला गावंच्या गावं अशी की दोन एकरांवर एकच घर बांधता येतं. मध्ये जिथे तिमजली चाळवजा घरं होती तिथे एका तळघरासाठी एकतीस जण रांगेत उभे. रांगेत तिच्या पुढे तिच्याच कंपनीतला एक तरुण डॉक्टरेटवाला होता, मागे शेजारच्या कंपनीतली दोघं. चौघांनी एकमेकांना ओळख दिली नाही. केंडल चौकात काचेची नवी इमारत दोन वर्षांत उभी राहते. तिच्यात काम करणाऱ्यांसाठी आमच्या गावाने चोवीस घरांचा एक बेत हाती घेतला होता, तो अकरा वर्षं चालला आणि शेवटी तिथे आठ घरं आणि एक बाक झाला.

कंपनीत हे कळलं, आणि साहेबांनी तिला बोलावून घेतलं. साहेब भला माणूस. त्याने दार लावलं, तेव्हाच तिला कळलं. तो म्हणाला की घाई नाही, वर्षअखेरपर्यंत बघू. पण अट विमा कंपनीची आहे, त्याच्या हातात नाही. राहायला लांब गेली तर तिला दिवसाचं काम देता येईल, लेबलं लावण्याचं. तिच्या जागेसाठी दुसरं माणूस सहज मिळेल असंही नाही. मागच्या खेपेला सात महिन्यांत चार जण निवडले. चौघांनी घर शोधलं आणि चौघेही टेक्सासला गेले.

तेव्हापासून तिची झोप गेली. फोन वाजला की फ्रीझर, फोन वाजला नाही की फोन बिघडला. कामावर जाताना ती चौदा नंबरचं फाटक लावून दोनदा मागे वळून बघे, कुलूप बदललेलं असेल अशा नजरेने.

मिस लोरिंग मात्र शांत होत्या. ठराव चुकीचा असेल तर गावाने बदलावा, असं म्हणून त्या सलग तीन शनिवार कचरा डेपोच्या फाटकाशी घडीची खुर्ची टाकून बसल्या. आमच्या गावात कोणी कोणाच्या घरी जात नाही, पण कचरा टाकायला सगळ्यांना यावंच लागतं. शंभर सह्या लागत होत्या, एकशे चाळीस झाल्या. टटलनीही केली. विषय सभेपुढे यावा एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मत ते विरोधात देणार होते आणि तसं त्यांनी सहीपुढे कंसात लिहिलं. निरीक्षकाने ग्रामसभेपर्यंत मुदत वाढवली.

ग्रामसभा ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी सकाळी, शाळेच्या व्यायामशाळेत. दारात यादीवर नाव तपासून हिरवं कार्ड देतात. विषय एकोणिसावा : 'नात्यातील' हा शब्द वगळणे. झोनिंगचा ठराव, म्हणून दोन तृतीयांश मतं हवीत. लुर्देसचा तो जबाबदारीचा आठवडा होता. मांडीवर एका हाताखाली फोन, दुसऱ्या हातात हिरवं कार्ड, आणि नजर दाराच्या वरच्या घड्याळाकडे. पार्किंगमधून गाडी काढायला चार मिनिटं धरून ती सगळ्यात मागच्या रांगेत बसली होती.

टटल आधी बोलले. त्यांचा विरोध व्यक्तीला नव्हता, नायट्रोजनला होता. गावात गटारं नाहीत, प्रत्येक घराची सेप्टिक टँक. प्रत्येक जादा भाडेकरूमागे तळ्यात किती नायट्रोजन जाईल याचा त्यांनी तक्ता आणला होता. सासूचा नायट्रोजन तळ्यात जात नाही का, असं मागून कोणीतरी विचारलं. सभापतींनी हातोडा आपटला. एका बाईंनी सांगितलं, त्यांची मुलगी जीवशास्त्रज्ञ आहे, ती नॉर्थ कॅरोलिनात राहते आणि नातवंडं त्यांना फोनच्या काचेत दिसतात. एका गृहस्थांनी गावाचं 'वळण' जपावं असं सांगितलं. ते दोन वर्षांपूर्वी राहायला आले होते.

मग लुर्देस उठली. नाव आणि पत्ता सांगूनच बोलायचं अशी आमची रीत.

"लुर्देस फुर्तादो. चौदा, ऑर्चर्ड रस्ता, गॅरेजवर," ती म्हणाली. "सध्या तरी."

लोक हसले. बोलायला तीन मिनिटं असतात; तिने एक वापरलं. ती म्हणाली की ती आवाज करत नाही, गाडी एकच आहे, आणि शॉवर ती कामावरच घेते. तिथल्या फ्रीझरांत या गावच्या अकरा जणांच्या पेशी आहेत. नावं तिला माहीत नाहीत, फक्त गावाचा क्रमांक. मग तिने खाली फोनकडे पाहिलं, तो गप्प होता, आणि ती खाली बसली.

हिरवी कार्डं वर गेली. दोनशे बारा बाजूने, एकशे एकतीस विरोधात. दोनशे एकोणतीस हवी होती. सभापतींनी ठराव फेटाळल्याचं जाहीर केलं, आणि आम्ही बहुमत असून हरण्याचा आनंद घेत पुढच्या विषयाकडे, म्हणजे बर्फ हटवण्याच्या ट्रककडे, वळलो.

सोमवारी संध्याकाळी मिस लोरिंग गॅरेजचा जिना चढून वर आल्या. तीन वर्षांत पहिल्यांदाच. हातात ठरावाची प्रत होती. लुर्देसने खुर्चीवरचे रिकामे खोके काढले. आवराआवर तिने सुरू केलीच होती.

"रक्ताचं आपल्याला जमणार नाही," मिस लोरिंग म्हणाल्या. "लग्नाचं या वयात मला झेपणार नाही. राहिलं दत्तक."

लुर्देस हसली. मिस लोरिंग हसल्या नाहीत, तेव्हा तिचं हसू थांबलं.

मिस लोरिंग यांनी गाठलेल्या वकीलबाईंनी सांगितलं की यात काहीच अडचण नाही. दत्तक जाणाऱ्याला वयाची अट नाही. घेणारा मोठा हवा, आणि एक्क्याऐंशी हे सत्तेचाळिशीला टेकलेल्या बाईपेक्षा मोठं आहे. निकाल झाला की फॉल रिव्हरच्या नोंदवहीत जन्माचा दाखला नव्याने लिहिला जाईल, आईच्या नावापुढे हॅरिएट लोरिंग. आधीच्या आईचं कायद्यापुरतं नातं संपेल. तिची संमती लागत नाही, कारण मुलगी सज्ञान आहे. बाकी काही बदलत नाही, असं वकीलबाई म्हणाल्या.

निरीक्षकाने फाइलवर 'नातं प्रलंबित' असा शेरा मारला आणि निकालापर्यंत थांबायचं कबूल केलं.

आईला सांगायला लुर्देसला पाच आठवडे लागले. दोन रविवार तोंडापर्यंत आलेलं तिने परत गिळलं. तिसऱ्या रविवारी नातालियाने कोबीच्या काळ्या पानांचं सूप वाढलं, समोर बसली आणि म्हणाली की नोकरी गेली असेल तर सरळ सांग, सूप निवतंय. लुर्देसने सांगितलं.

नातालियाने चमचा खाली ठेवला. मग उठली, शेगडी पुसली. शेगडी स्वच्छच होती.

"तुला पोटात घेऊन मी समुद्र ओलांडला," ती म्हणाली. "एकतीस वर्षं गिरणीत कॉलर शिवल्या. आणि आता कागदावर तुला कोण व्याली? तर ती लॅटिनवाली मास्तरीण."

"नुसता कागद आहे, आई."

"कागदच असेल तर मग त्यांना सांग, फ्रीझर दत्तक घ्या. तेही गॅरेजात मावेल."

"आई, मला दुसरं घर मिळत नाही. मी बघितलं नाही असं वाटतं का तुला? तू म्हणशील तर सोडते नोकरी. लेबलं लावते. इथे येऊन राहते."

हे तिने रागात म्हटलं, पण म्हटल्यावर दोघींनाही ते खरंच शक्य आहे असं दिसलं. नातालियाला मुलगी घरी यावी असं तीन वर्षं वाटत होतं. तिने पाव कापला, तुकडा लुर्देसपुढे सरकवला.

"ती बाई रविवारी चर्चमध्ये मासला जाते का?" तिने विचारलं.

"नाही. पण खोटं बोलत नाही."

"म्हणजे त्रासच," नातालिया म्हणाली. त्यापुढे त्या दिवशी विषय निघाला नाही, आणि पुढच्या तीन महिन्यांतही नाही. लुर्देस फोन करी, नातालिया हवामान सांगे. होकार की नकार, ते कळत नव्हतं, आणि विचारायची लुर्देसची छाती नव्हती. तारीख तेवढी तिने सांगून ठेवली : मार्चचा दुसरा मंगळवार, काउंटीचं कोर्ट, सकाळी दहा.

त्या मंगळवारी लुर्देस आणि मिस लोरिंग कोर्टात पोचल्या तेव्हा नातालिया बाहेरच्या बाकावर आधीच बसलेली होती. पहाटेच्या बसने आली होती. अंगावर काळा पोशाख, नवऱ्याच्या मातीला घातलेला. मिस लोरिंगनी जवळ जाऊन हात पुढे केला. नातालियाने तो वरपासून खालपर्यंत पाहिला, धरला आणि म्हणाली, "तुमचे हात गार आहेत. काही खाल्लंत का?"

आत न्यायाधीश बाईंनी कागद चाळले. दत्तक म्हटलं की त्यांच्यापुढे तान्ही मुलं येत. टेबलावर वाटायला कापडी अस्वलं ठेवलेली होती. त्यांनी मिस लोरिंगना कारण विचारलं. वकीलबाईंनी 'जिव्हाळा' हा शब्द त्यांच्याकडून चारदा घोकून घेतला होता.

"झोनिंग," मिस लोरिंग म्हणाल्या.

वकीलबाईंनी डोळे मिटले. चार महिने, जिना, सूप, आईचं हवामान, सगळं त्या एका शब्दावर आपटलेलं लुर्देसला दिसलं. न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला. गॅरेजसाठी दत्तकविधी करायला हे कोर्ट नाही, त्या म्हणाल्या. दुसरं काही कारण आहे का?

मिस लोरिंग विचार करू लागल्या. कोर्टात इतका वेळ कोणी विचार करत नाही.

"ईडिथ गेल्यापासून मी रात्री दाराला दोन कड्या लावत होते," त्या म्हणाल्या. "ही आल्यापासून एक लावते. हे कारण धरता येत असेल तर धरा. मी याहून जास्त शपथेवर सांगू शकत नाही."

न्यायाधीश बाईंनी काहीतरी लिहिलं आणि आणखी कोणाला काही सांगायचंय का, असं विचारलं. मागे खुर्ची सरकली. नातालिया उभी होती. आपण कोण, तर या मुलीची आई, असं तिने सांगितलं. न्यायाधीश बाईंनी सौम्यपणे समजावलं की मुलगी सज्ञान आहे, या कामात त्यांची संमती कायद्याला लागत नाही.

"लागत नाही हे मला माहीत आहे," नातालिया म्हणाली. "तरी देते आहे. मी न देता कोणी नेली असं व्हायला नको."

निकालावर सही झाली. न्यायाधीश बाईंनी सवयीने एक कापडी अस्वल लुर्देसच्या हातात दिलं. लुर्देसने ते घेतलं, कारण हातांना काहीतरी धरायला हवं होतं. विल्मार्थच्या कारकुनाने दुपारी शपथपत्र शिक्का मारून घेतलं. निरीक्षकाने फाइल बंद केली. टटल संध्याकाळी कुंपणाशी आले, कुटुंब मोठं झाल्याबद्दल त्यांनी अभिनंदन केलं आणि तळ्याच्या नायट्रोजनमध्ये काहीच फरक पडणार नाही हे खेदाने नमूद केलं. लुर्देसने साहेबांना फोन करून कळवलं की पत्ता तोच राहील.

त्या रात्री ती झोपेल असं आम्हा सगळ्यांना वाटलं होतं. पण अंथरुणावर पडून तिने ठराव पुन्हा एकदा वाचला, आता नातेवाईक म्हणून, आणि तिला पुढचं कलम दिसलं. घरमालक स्वतः मुख्य घरात राहत असला पाहिजे. नातेवाईक असो वा नसो, घरमालक संपला की परवाना संपला. घर पुढे कोणाला जायचं ते मिस लोरिंगनी भाच्याच्या नावे केव्हाच लिहून ठेवलं होतं, आणि ते बदलायला लुर्देसने कधी सांगितलं नसतं.

तेव्हापासून ती दोन गोष्टींकडे कान लावून असते : फोन आणि मिस लोरिंग. सकाळी सहाला खाली स्वयंपाकघरात दिवा लागतो. सहा वाजून चार मिनिटं झाली तर ती जिन्यावर येऊन उभी राहते. मिस लोरिंग खोकल्या की पायरीवर मध ठेवलेला सापडतो.

एप्रिलच्या एका सकाळी लुर्देस दात घासत होती. खिडकीतून तिला मिस लोरिंग शिडीवर दिसल्या, आठव्या पायरीवर, पन्हाळीतली कुजलेली पानं उपसताना. ती तशीच मोज्यांवर खाली धावली, ओल्या गवतात घसरली, उठली आणि दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली. तोंडात पेस्टचा फेस, त्यामुळे नीट बोलता येईना. खाली उतरा, एवढंच कसंबसं म्हणाली.

मिस लोरिंगनी एक ओंजळ पानं खाली टाकली आणि वाकून पाहिलं.

"घाबरू नकोस," त्या म्हणाल्या. "शपथपत्र पुढच्या जानेवारीपर्यंत चालतं."

आणि नववी पायरी चढल्या. लुर्देसने शिडी सोडली नाही. कामावर जायला त्या दिवशी तिला वीस मिनिटं उशीर झाला.